एकवीस किलोमीटर आणि पहाटेचा एक तास

(महिला मंडळांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्य' असा विषय छापलाय. पाळी, अंगावरून जाणं, रक्तातलं लोह यावर आपण नेहमीच बोलतो. आज मी धावण्यावर बोलणार आहे. गेल्या वर्षी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं, दोन तास छप्पन्न मिनिटं. नंबरबिंबर काही नाही. माझ्या पुढे शेकडो लोक होते.

खरं सांगते, घाट वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला. अवघड होता तो त्याआधीच्या सहा महिन्यांतला पहाटेचा एक तास. तो तास कुणाचा, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मूल कधी होऊ द्यायचं यावरही झाली नव्हती!

२०१९ साली सरकारने लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांत बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष होते चौघांत एक. आता या हिशोबात धावण्याचा तास कुठे बसवायचा?

आमच्याकडे नळाला पाणी येतं पहाटे साडेपाचला. धावायची वेळही तीच. नवरा म्हणाला, "संध्याकाळी धाव की." संध्याकाळी मी वस्तीतून घरी पोचते सातला, मग स्वयंपाक. शेवटी पाणी त्याने भरायचं असं ठरलं. पहिले पंधरा दिवस पिंपं निम्मीच भरलेली असायची. मी उरलेली भरली नाहीत. दोन दिवस धुणं तसंच पडून राहिलं, आणि मग पिंपं भरायला लागली.

सासूबाईंची भीती वेगळी. "अगं, पिशवी खाली सरकेल." हसू नका. हेच मोठमोठे पदाधिकारीही सांगत असत. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, त्यानंतर ती शर्यत त्यांच्यासाठी बंद झाली ती १९६० पर्यंत. १९६७ साली कॅथरीन स्वित्झर बोस्टन मॅरेथॉनमध्ये नंबर लावून उतरली, तर एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिला धरून तो नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, शर्यत पुरी केली. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये, ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिला मुलं झाली का?" यावर मी काय बोलणार!

आपल्या साताऱ्याच्याच माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथे बाईच्या पायाला चालण्याची सवय पाण्यापायी लागते.

रस्त्याचं सांगायचं तर कुत्र्यांपेक्षा मोटारसायकलींचा त्रास जास्त. मागून येऊन वेग कमी करतात, काहीतरी बोलतात, निघून जातात. मी आणि शेजारची एक नर्स, दोघी मिळून जायला लागलो तेव्हा ते कमी झालं. बंद झालं नाही. छातीला नीट आधार देणारी बॉडी घ्यायला गेलो तर दुकानदार मान खाली घालून म्हणाला, "लेडीज स्पोर्टमध्ये चालत नाही माल." तीन दुकानं फिरलो. बुटांइतकीच तीही लागते, हे धावण्याच्या वर्गात कुणी सांगत नाही, कारण शिकवणारे सगळे पुरुष.

शर्यतीची वाट म्हणजे शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं, त्याच वाटेने खाली. धुकं होतं, ओला रस्ता. चढ मी बराचसा चालतच गेले. लोक चढाला भितात, पण मांड्या भरून येतात त्या उतारावर, कारण प्रत्येक पावलाला सगळं वजन तोलून धरावं लागतं. सोळाव्या किलोमीटरला गुडघे बोलायला लागले. मीठ-साखरेचं पाणी घेतलं. शेवटचे दोन किलोमीटर मी शिव्या देत होते, कुणाला ते आठवत नाही.

नंतर घरकामगार बायकांच्या बैठकीत मी मेडल दाखवलं. एकजण म्हणाली, "ताई, तुम्ही पैसे भरून पळता. मी रोज पाच घरं पळते, मला कोण मेडल देतं?" तिचं बरोबर आहे. राबण्याने शरीर झिजतं, आणि त्या राबण्यात एक मिनिटही तिचं स्वतःचं नसतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. अशा बाईला 'धाव, बरं वाटेल' म्हणणं हा मूर्खपणा आहे. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा.

म्हणून बारामतीच्या लता भगवान करे यांचं कौतुक होतं तेव्हा मी थोडी अस्वस्थ होते. साठी उलटलेली बाई नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावली आणि जिंकली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. बाई मोठीच. पण तपासणीच्या पैशासाठी तिला धावावं का लागलं, हे टाळ्यांच्या आवाजात कुणी विचारलं का?

त्या पाच घरांच्या बाईला मी विचारलं, तुझा तास कोणता? खूप वेळाने म्हणाली, "रविवारी एकच घर असतं." तेव्हापासून आम्ही रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर जमतो. सध्या सातजणी येतात. दोघी पळतात, चौघी चालतात. ती पायरीवर नुसती बसून असते. तिला कुणी उठवत नाही.