आता मिक्स बंद करा



पुण्यात मुलगा बँडमध्ये वाजवतो म्हटलं, की घरातल्या ज्येष्ठांना अजूनही प्रभात नाहीतर दरबार ब्रास बँड आठवतो. आज मी बोलणार आहे तो बँड चार-पाच जणांचा. गिटार, बेस, ड्रम, जमलं तर कीबोर्ड, आणि एक गाणारा किंवा गाणारी. ही मंडळी नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी वाजवतात आणि एक दिवस ठरवतात, की आपला अल्बम काढायचा. गाणी बसतात, रेकॉर्डिंगही होतं. मग मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं, सुरू होतं आणि तिथे गाडी रुतते ती रुततेच.

मी वारज्यात हेच काम करतो. हायवेच्या अल्याडपल्याड कितीतरी फ्लॅटमध्ये आता अशा खोल्या आहेत. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, दोन स्पीकर, भिंतींवर कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे चौकोन, आणि दारावर कागद : ‘रेकॉर्डिंग चालू आहे, बेल वाजवू नये’. कुरिअरवाला तो कागद वाचतो आणि बेल वाजवतो. गायन रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि महिना मे. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की पुढचा टेक. हायवेवरच्या ट्रकची घरघर मात्र थांबवता येत नाही. ती अगदी खालच्या पट्टीत असते, म्हणून गायकाच्या माइकवरचे साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचे आवाज आम्ही कापूनच टाकतो. माणसाच्या गाण्यात तिथे फारसं काही नसतंच.

खोलीचं भूत मात्र याहून चिवट. आपल्याकडची बेडरूम बहुधा दहा बाय दहा. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो आवाज सर्वांत जास्त घुमतो, तो निघतो सुमारे छप्पन्न हर्ट्झचा. आणि बेस गिटारची ‘ए’ तार मोकळी छेडली तर पंचावन्नला वाजते! म्हणजे बिल्डरने खोली बांधतानाच तुमच्या बेसवाल्याचा एक सूर बिघडवून ठेवलेला आहे. भिंतीला टेकून ऐका, तो सूर अंगावर येतो. खोलीच्या मधोमध बसा, जवळजवळ नाहीसा होतो. अशा खोलीत बेस किती ठेवायचा, हे ठरवणार कसं? म्हणून मग मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचा, दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत ऐकायचा, स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकायचा. यामाहाचे एनएस-टेन नावाचे छोटे स्पीकर १९७८ साली घरगुती वापरासाठी निघाले. घरांत त्यांचं कौतुक झालं नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी ते उचलले. त्यांच्यावर चांगलं वाटलं तर कुठेही चालेल, असा हिशेब.

आता खरं भांडण. प्रत्येकाला आपलं वाद्य थोडं वर हवं असतं. गिटारवाला म्हणतो, सोलो ऐकूच येत नाही. ड्रमवाला म्हणतो, स्नेअर मागे पडलाय. गाणारी काहीच म्हणत नाही. ती घरी जाऊन रात्री साडेअकराला मेसेज पाठवते. यातला सगळ्यांनी समजून घ्यायचा भाग असा, की डिजिटल आवाजाला छत असतं. शून्य डेसिबल, त्याच्यावर जागाच नाही. तिथे पोचल्यावर लाट कापली जाते आणि आवाज फाटतो. त्यामुळे मिक्समध्ये कुणाला वर आणायचं तर कुणाला तरी खाली जावंच लागतं. म्हणून कुणी ‘मला वाढव’ म्हणालं, की मी विचारतो, ‘कमी कुणाला करू?’ खोलीत शांतता पसरते. किक ड्रम आणि बेस एकाच पट्ट्यात भांडतात. एकाला साठच्या आसपास जागा द्यायची, दुसऱ्याला शंभरच्या पुढे. ‘स’ आणि ‘श’ टोचतात, ते पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दाबायचे. पण जास्त दाबले तर गाणारी बोबडी वाटायला लागते. एवढं करूनही मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणून मी आवाज कमी ठेवून काम करतो. बँडवाल्यांना तो फार पुळचट वाटतो.

आणि ‘आमचं गाणं बाकीच्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे’ हा हट्ट तर आता सोडाच. स्पॉटिफाय, यूट्यूब यांच्याकडे सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणली जातात. तुम्ही दाबून दाबून मोठं केलेलं गाणं ते निमूटपणे खाली आणतात. मग तुमच्या हाती राहतं ते दबलेलं गाणं, मोठेपणा गेलेलाच असतो.

तरीही मिक्स संपत नाही, याचं कारण कानात नाही. पूर्वी संपवणारं कुणीतरी बाहेर असायचं. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग तेवढ्यात मांडला आणि तो आजही ऐकला जातो. बीटल्सनी पहिल्या अल्बमच्या चौदा गाण्यांपैकी दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड केली. लेननला सर्दी झालेली होती, तरी गायला. २००७ साली आपल्या पुण्याच्या ‘अग्नी’ या बँडचा पहिला अल्बम आला, तो मोठ्या कंपनीने काढलेला. कंपनी असली की तारीख असते. आज घरच्या लॅपटॉपवर ट्रॅकला मर्यादा नाही, टेकला मर्यादा नाही, स्टुडिओचं तासाचं भाडं नाही आणि कंपनीचा फोनही नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल गाडीतला’ अशा फाइली साठत जातात. दरम्यान ड्रमवाल्याचं लग्न ठरतं, बेसवाला बंगळुरूला जातो.

ठरलेली तारीख काय करते, याला आकाशवाणी पुणे केंद्राचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचं पहिलं गीत त्या दिवशी प्रसारित झालं. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत. ठरलं होतं एक वर्षाचं, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतं झाली छप्पन्न. दर आठवड्याला नवे शब्द, नवी चाल, तालीम आणि प्रसारण. शुक्रवार काही कुणासाठी थांबत नव्हता. आणखी एक आठवडा मिळाला असता तर एखादं कडवं आणखी बरं झालं असतं का? असेलही. पण लोक रेडिओसमोर बसलेले होते. मला वाटतं, गीतरामायण पुरं झालं त्यात कविता आणि चाली यांच्याइतकाच त्या पावणेनऊच्या ठोक्याचाही वाटा आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बँडला मी पहिल्याच बैठकीत तारीख विचारतो. प्रकाशनाची नव्हे, कार्यक्रमाची. एखादं सभागृह नाहीतर कॉलेजचं मैदान आधी ठरवून टाका, तिकिटं विक्रीला काढा. दुसरं, बँडमध्ये एकालाच शेवटचा शब्द द्या. पाच जण एकमताने मिक्स मंजूर करतील, ही आशा सोडलेली बरी. तिसरं, प्रत्येक गाण्यावर सूचना तीनच फेऱ्यांत द्यायच्या. पहिल्या फेरीत खरे दोष निघतात, दुसरीत आवडीनिवडी, आणि तिसरीत लोक पहिल्या फेरीतलं परत मागतात. मग मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवायला, दुसऱ्याच्या कानांकडे द्या, ज्याने ही गाणी शंभरदा ऐकलेली नाहीत.

फाइल पाठवण्याआधी मात्र एक काम कुणीच करत नाही. एका कागदावर लिहा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणी काय वाजवलं आणि वाटा कुणाचा किती. सगळ्यांच्या सह्या घ्या. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळ दिलं. ती रॉयल्टी वसूल करायला १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. पण तिच्याकडे नाव नोंदवायचं तर आधी नाव ठरलेलं लागतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरं-अंकांचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. आणि मूळ सेशन, प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. लॅपटॉपवर चहा सांडायला वेळ लागत नाही.

तर वारज्यातल्या, कर्वेनगरातल्या, धायरीतल्या बँडवाल्यांनो, सहा महिने ‘जवळजवळ झालाय’ म्हणता तो अल्बम येत्या शुक्रवारी बंद करा. कागदावर सह्या त्याच्या आधी.