बेगमी : हंगामाचे धन वर्षभराच्या ताटात



वैशाखाचे ऊन तापले की महाराष्ट्रातील गच्च्या आणि अंगणे वाळवणाने भरून जात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून कुरडया घातल्या जात, डाळी वाटून सांडगे तोडले जात, ताक-मिठात मुरवलेल्या मिरच्या उन्हात पडत. देशावर गवार आणि मेथी वाळवून ठेवीत. कोकणात कोकमाची साल त्याच फळाच्या खारवलेल्या रसात पुन:पुन्हा बुडवून वाळवली की आमसुले तयार होत. आंब्याचा आणि फणसाचा रस ताटात पसरून पोळ्या होत. मृगाच्या सरी येण्यापूर्वी डबे आणि बरण्या भरलेल्या असणे, हीच गृहिणीची बेगमी होय.

या कामामागे स्पष्ट शास्त्र आहे. अन्न नासवणाऱ्या सूक्ष्म जीवांना पाणी लागते. ऊन ते पाणी काढून घेते. मीठ आणि साखर ते बांधून ठेवतात. आंबटपणा त्या जीवांची वाढ रोखतो. ओलाव्याविषयीची हीच दक्षता जैन आहारपरंपरेतही दिसते. फार दिवस ओलसर राहिलेले लोणचे तिने अभक्ष्यात गणले आणि पिठाची मर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी ठेवली. चातुर्मासात अनेक कुटुंबे हिरव्या पालेभाज्या वर्ज्य करतात. तेव्हा नीट निवडून, वाळवून ठेवलेली कडधान्ये आणि डाळी हाच ताटाचा आधार ठरतो.

साठवण केवळ घरापुरता प्रश्न नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर कोसळल्याने नाशिक परिसरातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला. पीक तेच आणि जमीनही तीच. परंतु भरल्या हंगामाचा माल रित्या हंगामापर्यंत नेणारी व्यवस्था अपुरी होती. स्वस्ताईत जवळच्या शेतकऱ्याकडून दहा किलो अधिक घेणारे घर त्याच्या घामाला थोडी किंमत देते आणि पुढील महागाईत स्वत:चा खर्चही वाचवते.

बाटलीबंद साठवण ही या परंपरेतील नवी भर होय. फ्रान्सच्या निकोला अपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न घालून, बूच घट्ट लावून त्या उकळण्याची रीत बसवली. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. ही रीत का चालते, याचा उलगडा लुई पाश्चर याच्या संशोधनाने पुढे अर्धशतकाने झाला.

मात्र येथे उत्साहाइतकीच सावधगिरी हवी. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची बीजे उकळत्या पाण्यातही टिकतात आणि हवाबंद बाटलीत प्राणघातक विष निर्माण करू शकतात. त्या विषाला वास असेलच असे नाही. आम्लतेचे माप, म्हणजे पीएच, ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ही बीजे वाढत नाहीत. म्हणून मटार, गवार, मका यांसारख्या भाज्या केवळ उकळून बाटलीबंद करू नयेत. त्यांना दाबाखाली सुमारे ११६ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि नेहमीचा स्वयंपाकाचा कुकर त्यासाठी बनवलेला नसतो. अशा भाज्या वाळवाव्यात, हेच उत्तम.

टोमॅटोची आम्लता सीमेवरची असते. त्यामुळे ठेचून उकळलेला गर भरताना अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक मोठा चमचा बाजारी बाटलीतील लिंबूरस किंवा पाव लहान चमचा सायट्रिक आम्ल अवश्य घालावे. झाकणे बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात बाटल्या समुद्रकाठी ३५ मिनिटे आणि पुणे-नाशिकच्या उंचीवर ४० मिनिटे ठेवाव्यात. उंचीवर पाणी कमी उष्णतेला उकळते, हे त्याचे कारण. झाकण फुगलेले किंवा सैल आढळल्यास तो माल न चाखता टाकून द्यावा.

वाळवणाचे ज्ञान पुस्तकापेक्षा हातातून हातात जात आले आहे. चीक किती दाट हवा, आमसूल कधी वाळले, हे आजीच्या बोटांना कळते. घरे लहान झाली, गच्च्या कुलूपबंद झाल्या आणि ती बोटे एकाकी पडली. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक वसाहतीने आपली गच्ची चार दिवस वाळवणासाठी उघडावी, ज्येष्ठ भगिनींनी शिकवावे आणि सुना-मुलींबरोबर मुलग्यांनीही शिकावे. एवढे घडले तरी पुढील पावसाळ्यात अनेक घरांच्या ताटात जवळच्या शिवारातील अन्न असेल.