बांधावरचा तित्तर गेला कुठे?

(कोरडवाहू शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'तणनियंत्रण' असा विषय छापलेला आहे. मी त्याच विषयावर बोलणार आहे, परंतु आज त्याची दुसरी बाजू आपल्यापुढे मांडणार आहे.

गेल्या खरिपात एका गावी सोयाबीनमधील तणनाशकांचे प्रात्यक्षिक आटोपले. लोक उठू लागले, तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, "साहेब, तण मरतं ते बघितलं. पण आमच्या बांधावरचं तित्तर कुठं गेलं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?" जमलेली मंडळी हसली. मीही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर आज देत आहे.

माझे लहानपण जिराईत गावात गेले. सकाळी बांधावरच्या बोरीच्या जाळीतून तित्तराची हाक ऐकू येई. कुळवाची पाळी चालू असताना लाव्यांचा थवा अगदी पायाखालून भुर्रकन उडे आणि बैल बुजत. ज्वारीची काढणी शेवटच्या चार ओळींवर आली की त्यातून एखादा ससा हमखास निघे. ही काही फार जुनी गोष्ट नाही. आज त्याच शिवारात सकाळी उभे राहिले, तर मोटारपंपाचा आवाज येतो, तित्तराची हाक येत नाही.

तित्तर राज्यातून नाहीसा झालेला आहे असे मी म्हणत नाही. जिथे काटेरी झुडपे, गवत आणि रुंद बांध शिल्लक आहेत, तिथे तो आजही ओरडतो. तित्तर, लावा, रानकोंबडी आणि मोर हे सर्व परदेशातील फेझंट पक्ष्याच्याच कुळातले आहेत. मोरांची संख्या देशात वाढलेली आहे, हे तुमच्या पिकांवरून तुम्हीच मला सांगाल. मात्र माळरानावर व गवतात राहणारे अनेक पक्षी घटत आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या देशव्यापी अहवालात नमूद केलेले आहे.

शिकार हेच कारण काय?

हा प्रश्न निघाला की प्रथम बोट दाखविले जाते ते फासे लावणाऱ्यांकडे. तित्तर, लावा, ससा यांना मारणे, पकडणे किंवा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. आठवडी बाजारात पिंजऱ्यातले लावे दिसले, तर ते घेऊ नयेत. परंतु फासे पिढ्यान्‌पिढ्या लागत होते, तरीही तित्तर होते. फासे पूर्वीपेक्षा कमी झाले आणि तित्तरही कमी झाले. तेव्हा मुख्य कारण दुसरीकडे शोधावे लागते.

इंग्लंडमधील अनुभव

या कारणाचा सर्वांत सखोल अभ्यास इंग्लंडमध्ये झालेला आहे. तेथील करडा तित्तर हा आपल्या तित्तरासारखाच शेताच्या कडेला, जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे २० लाख तित्तर बंदुकीने मारले जात. एवढी शिकार होऊनही पुढच्या वर्षी ते पुन्हा तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्यांची संख्या घसरू लागली. १९६७ नंतरच्या काळात ती ९० टक्क्यांहून अधिक घटली.

डॉ. डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने १९६८ पासून ससेक्स परगण्यातील शेतांवर याचा सलग अभ्यास सुरू केला. त्यातून असे दिसून आले, की मादी अंडी घालत होती, पिलेही निघत होती, परंतु ती जगत नव्हती. पिले मरण्याचे मुख्य कारण उपासमार हे होते.

येथे आपण कोंबडीचे उदाहरण घेऊ. कुक्कुटपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे, की लहान पिलांना २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेले स्टार्टर खाद्य द्यावे लागते. नुसत्या धान्यावर ती वाढत नाहीत. तित्तराच्या पिलांचेही तसेच आहे. मोठा तित्तर दाणे, बिया व कोवळे कोंब खातो, पण पिलांना पहिले दोन आठवडे किडेच लागतात. अळ्या, लहान भुंगेरे, ढेकूणवर्गीय किडी आणि करवत माशीच्या अळ्या हे त्यांचे स्टार्टर खाद्य होय.

हे किडे येतात कोठून? त्यांपैकी बरेचसे गव्हात व सातूमध्ये उगवणाऱ्या रुंद पानांच्या तणांवर जगत होते. तणनाशके आली, तण गेले, तणावरचे किडे गेले आणि पिले उपाशी राहिली. तणनाशकाने पक्षी विषबाधा होऊन मेला नाही. त्याच्या पिलांचे ताट काढून घेतले गेले. त्याच काळात शेते मोठी करण्यासाठी कुंपणे व बांध काढले गेले, त्यामुळे घरट्याची जागाही गेली.

यावर तेथे उपायही शोधले गेले. १९८० च्या दशकात धान्यपिकाच्या कडेचा सुमारे ६ मीटर रुंदीचा पट्टा निवडक फवारणीवर ठेवण्याची पद्धत निघाली. म्हणजे त्या पट्ट्यात रुंद पानांचे तण मारणारी तणनाशके आणि उन्हाळी कीटकनाशके टाळावयाची. अशा शेतांत तित्तराची अधिक पिले जगली. त्यानंतर मोठ्या शेतांच्या मधून मातीचा उंचवटा घालून त्यावर ठोंब्याने वाढणारे गवत लावण्याचे प्रयोग झाले. दुसऱ्या हिवाळ्यात अशा उंचवट्यावर एका चौरस मीटरमध्ये हजाराच्या वर मित्रकीटक आढळले. हेच भुंगेरे आणि कोळी वसंतात पिकात उतरून मावा खातात.

बंधूंनो, हा उंचवटा म्हणजे दुसरे काय, आपला बांधच! त्यांनी मोडलेले बांध ते पुन्हा घालीत आहेत. आपले आहेत ते आपण नांगरीत आहोत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच देशात शिकारीच्या हौसेसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट यंत्रावर उबवून, पाळून रानात सोडले जातात. तरीही रानात स्वतः वीण करून टिकणारे फेझंट वाढले असे झालेले नाही. आपल्याकडेही "लावापालन आहे की, लावे सोडून देऊ" असे कोणी सुचवितात. पाळला जातो तो जपानी लावा. तो आपला रानलावा नव्हे. पक्षी सोडून रान तयार होत नाही. रान असले तर पक्षी आपोआप येतो.

आपल्या शिवारात काय बदलले?

राज्यात १९८० च्या दशकात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते निम्म्याहूनही कितीतरी कमी आहे. सोयाबीन ४० लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे. ज्वारी, बाजरी, तूर, मटकी अशा मिश्र पिकांत वर्षातले बरेच महिने कोठे ना कोठे आडोसा व दाणा मिळे. सलग सोयाबीन निघाल्यावर रान एकदम मोकळे होते.

ट्रॅक्टर आला, वाटण्या झाल्या आणि बांध कोरता कोरता वीतभर उरला. उरलेल्या बांधावर तणनाशक मारले जाते. नाहीतर उन्हाळ्यात काडी लावली जाते. तित्तराची वीण प्रामुख्याने एप्रिल ते सप्टेंबरमध्ये होते. घरटे म्हणजे झुडपाखाली किंवा गवतात जमिनीवरच केलेला उथळ खळगा, त्यात साधारण ४ ते ८ अंडी. अशा वेळी बांध पेटविला, तर त्याचे काय होणार हे वेगळे सांगावयास नको. सशाची पिलेही गवतातच दडून असतात. गवत नसले की ती गावच्या मोकाट कुत्र्यांच्या तोंडी सापडतात.

आमच्या शिफारशीचे काय?

आता मला स्वतःविषयी बोलले पाहिजे. पदव्युत्तर अभ्यासात माझा प्रबंध तणनियंत्रणावरच होता. ज्या वाफ्यात एकही तण नाही, तो वाफा आम्ही सर्वोत्तम मानीत होतो. त्या मोजणीत किड्यांचा वा पक्ष्यांचा रकाना नव्हता. "बांध स्वच्छ ठेवावेत" हे वाक्य मी किती मेळाव्यांत सांगितले असेल, याचा हिशेब नाही.

ती शिफारस चुकीची नाही, पण अपुरी आहे. पिकात तण ठेवा असे मी आजही सांगणार नाही. सुरुवातीच्या ३० ते ४५ दिवसांत सोयाबीन तणमुक्त ठेवलेच पाहिजे, नाहीतर उत्पादन घटते. बांधावरील काही तणे खरोखरच किडींना आश्रय देतात. गाजरगवतावर कपाशीचा पिठ्या ढेकूण वाढतो, तर पेटारीसारखी कपाशीच्या कुळातील तणे कपाशीच्या किडींना आसरा देतात. ही तणे फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावीत. पण मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते, एखादी बोर, तरवड यांना 'घाण' समजून जाळण्याचे कारण नाही. 'स्वच्छ बांध' म्हणजे 'उघडा बांध' नव्हे, एवढी दुरुस्ती मी माझ्या शिफारशीत करू इच्छितो.

"बांधाला जमीन जाते" असा आक्षेप आपण घ्याल. हिशेब करून पाहू. १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद असे एक हेक्टराचे शेत घेतले, तर त्याचा घेर ४०० मीटर होतो. चारही बाजूंनी आपल्या हद्दीत अर्धा मीटर बांध ठेवला, तर २०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन गुंठे जमीन लागते. शंभरात दोन. त्या दोन गुंठ्यांवर मारवेल लावल्यास वैरण मिळते, माती अडते, पाणी मुरते आणि मित्रकिडींना घर मिळते.

काय करावे?

१) बांधाची रुंदी शक्यतो एक मीटर ठेवावी. शेजाऱ्याशी बोलून दोघांनी अर्धा-अर्धा मीटर सोडल्यास वादही मिटतो.

२) बांधावर पावसाळ्याच्या सुरुवातीस मारवेल किंवा पवन्याची ठोंबे लावावीत. गाजरगवत व पेटारी उपटावी.

३) बांधावर तणनाशक फवारू नये. पिकात फवारताना वारा शांत असावा आणि कडेच्या ओळीत नोझल खाली धरावे.

४) बांध व धुरे पेटवू नयेत. गवताची कापणी सप्टेंबर संपल्यावर करावी. एका वर्षी एका बाजूचे गवत कापून दुसऱ्या बाजूचे ठेवावे.

५) गवत, लसूणघास किंवा उभे पीक कापताना कडेने आत न जाता मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस यावे. म्हणजे पिलांना व सशांना पळून जाण्यास वाट मिळते. घरटे आढळल्यास सभोवतालचे हातभर गवत तसेच सोडावे.

६) बीजप्रक्रिया केलेले बियाणे मातीने नीट झाकावे. तासाच्या टोकाला सांडलेले बी गोळा करून पुरावे. फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास तो मुळीच वापरू नये.

७) आर्थिक नुकसानीची पातळी पाहूनच कीटकनाशक फवारावे. तित्तर वाळवी, नाकतोडे व भुंगेरे खातो, तेव्हा तोही आपला बिनपगारी मजूर आहे.

८) गावच्या माळाला व गायरानाला 'पडीक' समजून सरसकट झाडे लावू नयेत. गवत हीच तेथील संपत्ती आहे.

शेवटी

सोलापूर-नगरच्या माळावर माळढोक पक्षी एके काळी शिकाऱ्यांचा आवडता पक्षी होता. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि तरीही आज तेथे माळढोक दिसणे ही वर्तमानपत्रातली बातमी ठरते. त्याच्यासाठी आपण फार उशिरा जागे झालो. तित्तर व लाव्यांची गोष्ट अजून त्या थराला गेलेली नाही. त्यांच्यासाठी अभयारण्याची गरज नाही, अनुदानाचीही नाही. दोन गुंठे बांध आणि एक न पेटविलेली काडी एवढेच पुरे आहे.

त्या वयस्क शेतकऱ्याच्या शेतावर मी येत्या जूनमध्ये मारवेलची ठोंबे घेऊन जाणार आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते, ते त्यांच्याच बांधावर होते. आपणही आपला एक बांध यंदा राखून पाहावा आणि पुढील मेळाव्यात, सकाळी तित्तर ओरडला की नाही, ते मला सांगावे.

जय जवान, जय किसान!