गवतातील नरसाळे

दत्तात्रेयांनी जे चोवीस गुरू केले, त्यांत कोळ्याचीही गणना आहे. नाथांच्या भागवतामुळे ही कथा मराठी घरांत परिचित झाली. आपल्यातूनच तंतू काढावा, त्यावर क्रीडा करावी आणि अखेर तो गिळून टाकावा, या रीतीत तत्त्वज्ञांना ईश्वराची सृष्टिलीला दिसली. आज ज्या कोळ्याविषयी बोलावयाचे आहे, तो मात्र इतका विरक्त नाही. तो घर करून राहणारा संसारी जीव आहे.

त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव हिप्पासा. लांडगा-कोळ्यांच्या कुळातले बहुतेक कोळी जाळे न विणता धावून शिकार करतात. हिप्पासाने धावणे सोडले नाही आणि विणणेही पत्करले. गवतात तो चादरीसारखे आडवे जाळे पसरतो. त्याची एक बाजू नरसाळ्यासारखी निमुळती होत जमिनीलगतच्या बिळात उतरते. त्या तोंडाशी तो दबा धरून बसतो. जाळ्याला चिकटपणा नसतो. कीटक पडला की धागे थरथरतात, कोळी झडप घालतो आणि भक्ष्यासह आत परततो. मादी अंड्यांची पिशवी देहाला जोडून वागवते. पिले निघाली की काही दिवस आईची पाठ हेच त्यांचे घर.

पोकॉक यांनी १९०० सालच्या ग्रंथात यांतील काही जातींचे वर्णन केले. टिकादर व मल्होत्रा यांनी १९८० साली या कुळाचा विस्तृत परामर्श घेतला.

रानाच्या कडेप्रमाणेच बांधावर आणि मोकळ्या गवतातही हा कोळी नांदतो. बंगळूरच्या आग्नेयेस आमच्या बेळ्ळंदूरला दव पडलेल्या सकाळी ही जाळी शुभ्र रुमालांसारखी दिसतात. ऊन चढले की ती दिसेनाशी होतात, पण राहणारा तेथेच असतो. येथील तलावावरचा फेस आणि फेब्रुवारी २०१७ मधील आग यांची वार्ता देशभर गेली. पाण्याची चिंता आता अनेकजण वाहतात. काठच्या गवताची कैफियत मांडणारा विरळा.

महसुलाच्या दप्तरात अशा जागेला ‘पडीक’ म्हणतात. तो शब्द माणसाच्या उत्पन्नापुरता खरा आहे. ज्या जागी कीटकांवर रात्रंदिवस पहारा चालतो आणि आया पिले पाठीवर घेऊन हिंडतात, ती जागा रिकामी कशी? बाग आखताना, कुंपण घालताना गवताचा एक पट्टा न कापता राखावा, एवढीच विनंती. त्याला खर्च नाही, मंजुरीही नको. हात आवरता आला म्हणजे पुरे.