लहान भाग, मोठी जबाबदारी



विमाने, क्षेपणास्त्रे व उपग्रह यांतील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी का होतात, याविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. घरचा रेडिओ बंद पडला तर दुरुस्तीला नेता येतो. आकाशात गेलेल्या यंत्राला ती सोय नाही.

पहिले कारण तापमान. नेहमीच्या वापराचे भाग साधारणतः ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे करतात. लष्करी भागांना उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत टिकावे लागते. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह सुमारे दीड तासात एक फेरी घालतो आणि बहुतेक प्रत्येक फेरीत उन्हातून सावलीत जातो. निरनिराळे पदार्थ कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात आणि सोल्डरिंगच्या जोडाला हळूहळू तडा जातो. दुसरे कारण हादरे, तिसरे ओलावा व खारी हवा. चौथे कारण स्थिर वीज. अंगावरील विजेची ठिणगी आपल्याला साधारण ३,००० व्होल्टला जाणवते; काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणजे हात लावणाऱ्याला कळतही नाही आणि भाग निकामी होतो.

कधी कारण धातूतच दडलेले असते. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू आपोआप वाढतात आणि दोन तारा जोडून टाकतात. १९ मे १९९८ रोजी 'गॅलेक्सी ४' हा उपग्रह बंद पडला व अमेरिकेतील बहुसंख्य पेजर मुके झाले. त्याचे कारण हेच तंतू असल्याचे मानले जाते. कथिलात थोडे शिसे मिसळले की ही वाढ पुष्कळ रोखली जाते.

परंतु सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण 'अपोलो १३' चे. त्याच्या ऑक्सिजनच्या टाकीत, तापमान वाढताच हीटर बंद करणारे छोटे स्विच होते. ते यानातील २८ व्होल्टसाठी बनवले होते. पुढे, तळावर या हीटरला ६५ व्होल्ट दिले जातील असे ठरले, तसे कळवलेही गेले. पण स्विच मात्र बदलले गेले नाहीत. मार्च १९७० मध्ये चाचणीनंतर टाकी रिकामी होईना, म्हणून हीटर सुमारे आठ तास चालू ठेवला. ६५ व्होल्टमुळे स्विचची टोके चिकटून बसली. तापमापकाची पट्टी ३० अंशांच्या आतच संपत होती, त्यामुळे आतील भयंकर उष्णता दिसली नाही. तारांवरील टेफ्लॉनचे आवरण जळाले. हीटरचा प्रवाह अखंड चालू आहे हे तळावरील मीटरवर दिसू शकत होते. ते कोणी तपासले नाही. १३ एप्रिल १९७० रोजी, पृथ्वीपासून ३ लाख किलोमीटरपलीकडे, टाकीतील पंखा सुरू करताच ठिणगी पडली व टाकी फुटली. लव्हेल, स्विगर्ट व हेझ हे तिघे चांद्रयानाच्या आसऱ्याने १७ एप्रिलला सुखरूप परतले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे विज्ञान कमी पडले नव्हते. व्होल्ट बदलले, तेव्हा "आता स्विचचे काय?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. तुम्ही उद्या कारखान्यात वा प्रयोगशाळेत जाल. तेथे असा प्रश्न विचारताना लाजू नका, आणि मीटर जे दाखवील तेच नोंदवहीत लिहा.

पालकांनाही एक विनंती. मुलगा वा मुलगी आयटीआयमध्ये सोल्डरिंग शिकत असेल, तर ते काम हलके समजू नका. तिघांचे प्राण एका छोट्या स्विचपायी संकटात आले होते, हे ध्यानात ठेवा.