आधी खुराडे, मग कोंबडी



मंगरूळपीरसारख्या गावी ज्यांच्या घरामागे थोडे अंगण आहे, त्यांना चार-सहा कोंबड्या पाळाव्यात असे पुष्कळदा वाटते. घरची ताजी अंडी मिळावीत, हा हेतू चांगलाच आहे. परंतु बाजारात पिल्ले दिसली की आपण ती घेतो, आणि ठेवावयाची कोठे, हा प्रश्न घरी आल्यावर पडतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आधी खुराडे, मग कोंबडी.

खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे व प्रत्येक कोंबडीस आत निदान दोन चौरस फूट जागा मिळावी. मुंगूस लहानशा फटीतूनही शिरते, म्हणून जाळी बारीक व कडी पक्की हवी. कोंबडीस घाम येत नाही. वऱ्हाडच्या वैशाखात ती चोच उघडून धापा टाकू लागते. तेव्हा छपरावर तुराट्यांचा थर, ओले गोणपाट आणि सावलीत पाणी, एवढे तरी करावेच.

लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. ती दिव्याखाली दाटी करू लागली तर थंडी वाजते असे समजावे. दूर पळाली तर दिवा वर उचलावा. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच टोचावी लागते असे नाही, ती डोळ्यात वा नाकात थेंबाने देतात. पुढील लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्याव्यात.

आता महत्त्वाची गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे ६,८३१ कोंबड्या मेल्या, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. हा रोग रानपक्ष्यांच्या विष्ठेतून, तसाच माणसांच्या पादत्राणांतून व पिंजऱ्यांतूनही पसरतो. म्हणून दाणापाणी झाकलेल्या जागी ठेवावे, खुराड्यासाठी चपला निराळ्या असाव्यात, नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. खुराड्यातून आल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. अंडी पूर्ण शिजवूनच खावीत.

आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या, तर लाजेने वा नुकसानीच्या भयाने त्या नाल्यात फेकू नयेत, उरलेल्या घाईने विकूही नयेत. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने न शिवता त्याच दिवशी दवाखान्यात वर्दी द्यावी. आपले अंगण कुंपणाने वेगळे झालेले असले, तरी रोगाला कुंपण दिसत नाही. शेजाऱ्याच्या खुराड्याची काळजी घेणे, हाही कुक्कुटपालनाचाच भाग होय.