'हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही': वजनाच्या डब्यांबद्दल थोडं स्पष्ट

मी बडोद्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करायला आलेल्या माणसाला मी आधी विचारते, "औषधं कुठली चालू आहेत?" उत्तर येतं, "काही नाही." मग मी विचारते, "आणि पावडर, काढा, चहा, कॅप्सूल?" तेव्हा पिशवीतून डबा बाहेर निघतो. "ते औषध नाही हो मॅडम, हर्बल आहे."

आज मला या वाक्याबद्दल बोलायचंय. सगळं बोलणं एका ओळीत सांगायचं तर असं: जे खरोखर हर्बल असतं, त्यानं वजन थोडंसंच उतरतं. आणि ज्यानं झपाट्यानं उतरतं, त्यात निव्वळ वनस्पती असेलच याची खात्री नसते.

आधी फायद्याची बाजू घेऊ, कारण मी काही वनस्पतींच्या विरोधात नाही. आमच्या गुजरातेत उंझ्याचा बाजार जिऱ्यासाठी जसा प्रसिद्ध आहे, तसाच इसबगोलासाठीही. इसबगोल म्हणजे पाण्यात फुगणारा तंतू. जेवणाआधी घेतला तर पोट भरल्यासारखं वाटतं, पोट साफ राहतं, वाईट कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. हा फायदा खरा आहे. पण तो ग्लासभर पाण्यासोबतच घ्यायचा, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. आणि एकट्या इसबगोलानं दहा किलो जातील अशी आशा ठेवायची नाही.

त्रिफळ्याचं काय? पोट साफ करायला चांगला. सोनामुखी घातलेले 'स्लिमिंग टी' येतात, तेही जुलाबच करतात. दुसऱ्या दिवशी काटा पाऊण किलो कमी दाखवतो आणि आपण खूश होतो. पण गेलं ते पाणी, चरबी जागच्या जागी. सोनामुखी महिनोन्‌महिने घेत राहिलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. मग थकवा, पायात गोळे, कधी हृदयाचे ठोके अनियमित.

कुणी म्हणेल, आयुर्वेदात आहे ना सगळं? आहे की. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाबद्दल सविस्तर लिहिलंय. पण त्यात भर आहे तो पचायला जड पण पोषण कमी अशा आहारावर, व्यायामावर, झोप आटोक्यात ठेवण्यावर. गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा यांची नावं येतात ती याच्या जोडीला. माणूस तसाच बसून राहील आणि डबा काम करेल, असं तिथं कुठं म्हटलेलं नाही.

आता बाजारातल्या एका लोकप्रिय नावाकडे वळू, गार्सिनिया कंबोजिया. नाव परदेशी वाटतं, पण ही आपल्या कोकमाची केरळातली बहीण. तिथं तिला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात. तिच्या सालीतल्या एचसीए नावाच्या आम्लानं चरबी बनणं थांबतं, असा दावा आहे. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. काहींना रोज दीड ग्रॅम एचसीए, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांच्या वजनात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सरासरी फरक एक किलोपेक्षाही कमी निघाला. दुसरीकडे, गार्सिनिया असलेली उत्पादनं घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

इथं लोक विचारतात, "केरळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुडमपुळी खातात, त्यांना काही होत नाही, मग मला कसं होईल?" अगदी योग्य प्रश्न. उत्तर प्रमाणात आहे. स्वयंपाकघरात आपण वनस्पती खातो, कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो. ग्रीन टी घ्या. कपातून पिणाऱ्यांच्या पोटात ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं, आणि ते साधारणपणे सुरक्षित मानलं जातं. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलं, की गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृतावर ताण आल्याचं रक्ततपासणीत दिसू लागतं. वनस्पती तीच, पण चहा वेगळा आणि अर्क वेगळा.

२००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं हायड्रॉक्सीकट या तेव्हा खूप खपणाऱ्या उत्पादनाबद्दल लोकांना सावध केलं. कावीळ ते यकृत बदलावं लागण्यापर्यंतच्या २३ गंभीर तक्रारी आल्या होत्या, एक मृत्यू झाला होता. कंपनीनं ती उत्पादनं बाजारातून परत घेतली. त्या डब्यांवरही वनस्पतींचीच नावं होती.

याहून मोठा धोका म्हणजे डब्यावर न लिहिलेली गोष्ट. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. त्यानं हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. पण ते संपलं नाही, 'नैसर्गिक' डब्यांत शिरलं. अमेरिकेच्या प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यातली सुमारे ४१ टक्के वजन उतरवण्यासाठीची होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांत सिब्युट्रामिन होतं. म्हणून कुणी म्हणालं, "या पावडरीनं माझी भूकच मेली, पंधरा दिवसांत पाच किलो गेले", तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते.

कधी लबाडी नसते, नुसती अदलाबदल होते. नव्वदीच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका स्लिमिंग क्लिनिकमध्ये चिनी वनौषधी देत. त्यात एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया वंशातली दुसरी मुळी आली. शंभराहून जास्त जणींची मूत्रपिंडं खराब झाली, पुढे काहींना कर्करोगही झाला.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते, ओळख न देता. लग्न तीन महिन्यांवर होतं. ओळखीच्या काकूंनी पावडर दिली, डब्यावर ना बॅच नंबर, ना कारखान्याचा पत्ता. महिन्याभरानं मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ म्हणून पथ्य सुरू केलं, आणि पावडरही चालूच ठेवली. का? कारण ती 'औषध' नव्हती ना! डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नाही. सांगितल्यावर ती बंद झाली आणि यकृत दोनेक महिन्यांत सावरलं. पण मधले ते दिवस वाया गेले ते एका शब्दामुळे.

मग करायचं काय? पाच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, डबा वाचा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक असतो, खाद्य पूरकावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. प्रत्येक घटक आणि त्याचं प्रमाण लिहिलेलं हवं. नुसतं 'गुप्त फॉर्म्युला' असेल तर परत ठेवा.

दुसरी, जाहिरात ओळखा. १९५४ च्या कायद्यानुसार ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे 'लठ्ठपणावर रामबाण' असा ओरडा करणारा औषधविक्रेता पहिल्या वाक्यातच नियम मोडतो.

तिसरी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर काय काय घेता ते सगळं सांगा.

चौथी, डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, छातीत धडधड, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. डबा फेकू नका, तपासणीला लागतो. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर फुकट नोंदवता येते.

पाचवी, घरचा रसही तपासा. दुधी भोपळ्याच्या रसाची फॅशन आहे. दुधीची फोड आधी चाखा. कडू लागली तर रस अजिबात पिऊ नका, त्यातल्या कडू द्रव्यानं जिवावर बेतल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

आणि शेवटचं. आपल्याला बारीक व्हायची घाई असते, पण शरीराला तेवढी गरज नसते. ऐंशी किलोच्या माणसानं सहा महिन्यांत चार किलो उतरवले, म्हणजे वजनाच्या पाच टक्के, तरी साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात. त्यासाठी ताटात भाजी आणि डाळ वाढवा, भात-पोळी मोजून घ्या, संध्याकाळचं फरसाण आठवड्यातून एकदाच, आणि रोज अर्धा तास भरभर चाला. जोडीला इसबगोल घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. पण दर वेळी डॉक्टरांना औषधं सांगताना त्याचंही नाव घ्या. जे पोटात जातं आणि शरीरात काही घडवतं, ते औषधांच्या यादीत लिहायचं.